न विकताच विकलेले धान

सकाळी दहालाच धान खरेदी केंद्रासमोर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागली होती. आत रेणू संगणकावर नोंदी करत होती. चौथा नंबर बायजाबाईचा. नवरा वारलेला, दीड एकर जमीन, वीस पोती धान.

सातबाऱ्याचा क्रमांक टाकताच रेणू थबकली. "मावशी, तुमचं धान तं इकल्या गेलं."

"कसं इकल्या गेलं वं? पोती तं बाहेर पडून हायेत!"

"सातबारा कोणाले देल्ला होता काय?"

बायजाबाई खाली पाहू लागली. "भैय्याजीले. नुसता कागद पायजे म्हणे. एक साडी देल्ली, पाचशे रुपये देल्ले."

भैय्याजी गावातला धानाचा व्यापारी. बाहेरून स्वस्तात धान आणायचे आणि गावकऱ्यांच्या सातबाऱ्यावर सरकारला हमीभावाने विकायचे, हा त्याचा धंदा. एका सातबाऱ्यावर ठरावीकच धान घेतात. बायजाबाईचा वाटा त्याने आधीच भरून टाकला होता. आणि गाव या लुटीला काय म्हणते? शेजारधर्म! शेजारणीला विरजण द्यावे तसा भल्या घरचे लोकही सातबारा देतात. रेणूच्या सासऱ्याने, सेवकरामनेही दिला होता. बायजाबाईची पोती परत गेली आणि पडत्या भावाने भैय्याजीनेच विकत घेतली.

"मी तक्रार करून राहिली," रेणूने घरी सांगितले.

सेवकराम भडकला. "त्यात माहा बी सातबारा हाय! सासऱ्याले जेलात टाकतं काय? काहून, बक्षीस भेटते काय तुले?"

भंडाऱ्याच्या जिल्हा कचेरीत तक्रार देताना रेणूने तेच सरळ विचारले. "करचोरी सांगणाऱ्याले सरकार बक्षीस देते म्हणतेत. हे सांगून माही नोकरी जाईन. मले काय भेटन, साहेब?"

साहेब हसले. "धानासाठी तसं काही नाही, ताई. तुमचं नाव मात्र गुप्त राहील."

ती बसमधून गावात उतरली तेव्हा ते गुप्त नाव पानठेल्यावर पोहोचले होते. याची मला मनस्वी चीड येते. चोराच्या पाठीशी अख्खे गाव, आणि सांगणारीच्या पाठीशी कोण? एका साहेबाचे हसू!

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर गाव जमले. भैय्याजी मधोमध खुर्चीवर बसला होता. "सांग, गाव इकून किती बक्षीस खाल्लं?"

"एक रुपया नाई," रेणू म्हणाली. "भेटला असता तं घेतला असता, तुमच्यासमोर घेतला असता. तुमी लुटलं ते कमाई, अन् मी सांगतलं ते पाप काय?"

भैय्याजी उठला. "हिच्यासंग जो बोलन, तो आमचा नाई. कबूल असन तं हात वर करा."

हात वर झाले. सेवकरामचा झाला. सगळ्यांत शेवटी, मान खाली घालून, बायजाबाईनेही हात वर केला.

रेणू बायजाबाईकडे वळली. तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "मावशी, हात वर राहू द्या. तुमच्या पोत्याइची तक्रार मी मागं घेत नाई."

त्या गर्दीत आपण असतो तर आपला हात खालीच राहिला असता, असे छातीठोकपणे सांगणारा कोणी वाचक असेल, तर त्याने मला पत्र लिहावे.