पहिली फेरी सूनबाईची

नावाड्याच्या मुलाचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. सून आली ती पाणी तपासणाऱ्या खात्यातली. तळ्याच्या पाण्याच्या बाटल्या भरून न्यायच्या, हे तिचं काम. नावाडी बायकोला म्हणायचा, "आपल्या तळ्याला डॉक्टरीण मिळाली. नाडी सापडली म्हणजे झालं."

सुनेला काठाकाठाने फिरून पाणी घ्यायचं होतं. सासऱ्याने कानांवर हात ठेवले. "नाव गिऱ्हाइकांसाठी आहे, सूनबाई, बाटल्यांसाठी नाही. धक्क्यावरून घे की." नवी सून, काय बोलणार? ती धक्क्यावरून घेऊ लागली.

त्या उन्हाळ्यात वारा पडला आणि पाण्यावर हिरवा तवंग धरला. तो पाहून गिऱ्हाईक नावेत पाय ठेवीना. म्हणून नावाडी पहाटे उठून वल्ह्याने तवंग धक्क्यापासून लांब सारायचा. त्याच्या लेखी ते दरवर्षीचं शेवाळ. सुनेच्या बाटल्या स्वच्छ निघत राहिल्या, आणि सारलेलं हिरवं काठाच्या वळणापलीकडे त्याच्याच घरामागच्या पायऱ्यांशी साचत गेलं.

सुट्टीला आलेली लेकीची लेक एका दुपारी पोहायला म्हणून टॉवेल घेऊन त्या पायऱ्यांवर पोचली. मागोमाग तिची मामी, म्हणजे सून. मामीने पाण्यात काठी फिरवून वर काढली. नेहमीच्या शेवाळाचा एकही धागा काठीला नव्हता. रंगाच्या डब्यात बुडवावी तशी ती माखली होती. मामीने भाचीचं मनगट धरलं ते अंगणात येऊन सोडलं.

"मामी, नुसते पाय तरी?"

"बोटसुद्धा नाही."

नावाडी तडकला. "एवढ्याशा शेवाळाला भितेस? आम्ही याच पाण्यात वाढलो."

सुनेने हातमोजे घालून ते पाणी बरणीत भरलं आणि खिडकीत ठेवलं. "हलवू नका, बाबा. हिरवं तळाशी बसलं तर तुमचं खरं. वर आलं तर विषारी असू शकतं."

"उकळून घेतलं तर?" सासूने विचारलं.

"हे विष उकळून जात नाही, आई."

दिवस कलला तेव्हा बरणीत वर हिरवी जाड साय धरली होती. नावाडी ती बघत उभा होता, तेवढ्यात त्याचा कुत्रा दारात आला. काही काम न करता बसून खायचा, म्हणून त्याचं नाव साहेब. साहेबाचं तोंड हिरवं होतं आणि पाय लटपटत होते. गुरांच्या डॉक्टरांनी धडपड केली, मग मान हलवली.

"धक्क्यावरचं रोज मीच सारत होतो," नावाडी सुनेला म्हणाला. "नातीकडे लोटत होतो म्हण."

सून रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आता सारू नका, बाबा. दिसलं की मला दाखवा."

पाणी निर्धोक ठरेपर्यंत तळ्यावर मनाईची पाटी होती, नाव बांधून राहिली. नाव सुटली तेव्हा पहिली फेरी सुनेची ठरली, आणि पुढेही तीच रीत राहिली. नावाडी बाक पुसून द्यायचा, तवंग साचेल तिथे आधी वल्हवायचा. गिऱ्हाइकाने घाई केली तर म्हणायचा, "थांबा हो. आधी आमच्या डॉक्टरीणबाई." अंगणात नात धावताना दिसली की बायकोला सांगायचा, "ही सुनेने दिलेली आहे आपल्याला." बायको म्हणायची, "मला काय सांगता, तिला सांगा." एकदा त्याने खरंच सांगितलं. सून बाटलीचं झाकण लावत हसली.

साहेब मेला तो बरणीत साय धरली त्याच संध्याकाळी. नावाडी वारला तो नात नोकरीला लागली त्या वर्षी, हिवाळ्यात, झोपेत.