वेड आधी की लग्न

जावई कॉम्प्युटर कंपनीत आहे, हे सासूबाईंनी सगळ्या इमारतीला सांगून ठेवलं होतं. तो तिथे कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक बघतो, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं. त्यानेही कधी खुलासा केला नाही. फुकटचा मान कुणाला नको असतो?

आज तो मान अंगाशी आला होता. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून सासऱ्यांची वाचा गेली होती. कळायचं सगळं, पण तोंडातून शब्द म्हणून निघत नव्हता. बोलायला शिकवणाऱ्या बाई आज चार वाजता पहिल्यांदा व्हिडिओवर येणार होत्या. माझे ओठ मोठे दिसायला हवेत, मोबाइल चालणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. घरात मोठा पडदा एकच, सासऱ्यांच्या पलंगाजवळच्या जुन्या डेस्कटॉपचा. आणि त्या बिचाऱ्याला वायफाय कशाशी खातात ते माहीत नव्हतं.

जावयाने वायफायचं बोटाएवढं यंत्र विकत आणून मागे खोचलं. पडद्यावर उमटलं: यंत्र चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नाही, इंटरनेटवरून उतरवून घ्या. त्याने ते काढून पुढे खोचलं. तेच. बंद करून चालू केलं. तरी तेच.

"मशीनच म्हातारं झालंय," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. सासरे पलंगावरून त्याच्याकडेच बघत होते.

"तुम्हाला काय अवघड आहे?" सासूबाई म्हणाल्या. "तुमचं तर रोजचंच काम."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, खरं सांगू? मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी कंपनीत गाड्या बघतो. आणि हे बघा ना, हे यंत्र चालल्याशिवाय इंटरनेट मिळत नाही, आणि इंटरनेट मिळाल्याशिवाय यंत्र चालत नाही. म्हणजे वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही..."

"लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही," सासरे म्हणाले.

शब्द जड होते, जरा घसरलेले, पण सगळेच्या सगळे होते. सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. "काय म्हणालात?" सासऱ्यांनी पुन्हा तोंड उघडलं, तर नुसता घोगरा आवाज आला. त्यांचे डोळे भरून आले.

सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "थांबा. नाचता येईना..."

"अंगण वाकडं," सासरे म्हणाले, आणि त्यांनी सरळ जावयाकडे बघितलं. जावई हसायला लागला आणि हसता हसता त्याला रडू आलं.

मग लाज गुंडाळून त्याने ऑफिसातल्या खऱ्या जाणकाराला फोन लावला. मोबाइल वायरीने डेस्कटॉपला जोड, त्याच्या इंटरनेटवर ड्रायव्हर उतरव, मग वायर काढून टाक, असं त्या जाणकाराने सांगितलं. एवढंच होतं ते.

चारला बाई पडद्यावर आल्या. "म्हणा, पाणी," त्या ओठ हलवून म्हणाल्या. सासरे घामाघूम झाले, पण पाणी काही येईना. बाईंनी धीर दिला, पुन्हा म्हणून दाखवलं. सासऱ्यांनी मान फिरवली.

सासूबाई पुढे सरकल्या. "बाई, त्यांना सुटा शब्द नका देऊ. हे बघा." त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, पालथ्या घड्यावर..."

"पाणी," सासरे म्हणाले.

सासऱ्यांनी टेबलावरच्या रिकाम्या पेल्याकडे बोट केलं, घसा खाकरला आणि ते आपले आपण पुन्हा म्हणाले, "पाणी."

सासूबाई आणायला धावल्या.