भिंतीतली बिडी

मित्रांनो, मी एक पाइप आहे. जुना म्हणाल तर मोजकेच पावसाळे पाहिलेला, पण डोक्यात गोंधळ मात्र शंभर वर्षांचा. मला ना नळ, ना टाकी, ना मीटर. मग मी आहे तरी कोण?

कन्नड मुलखातल्या जे. पी. नगरच्या एका उताराच्या रस्त्यावर वादळी पावसात दरड कोसळली. शिवलीलाअक्कांची फुलांची गाडी मातीखाली गेली. अक्का चहाला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. मग तिथे दगडी भिंत उभी राहिली आणि माझ्या भावंडांसह मला तिच्यात आडवं बसवलं. एक तोंड मातीकडे, एक रस्त्याकडे. पाऊस आला की मी टपटप गळायचो. मला वाटायचं, मी फुटकाच निघालो.

अक्का मूळच्या निपाणीच्या, मराठी-कन्नड दोन्ही येणाऱ्या. भिंतीखाली त्यांनी पुन्हा दुकान मांडलं. "हा रडका माझी शेवंती भिजवतोय बघा," त्या समोरच्या हेमलताकाकूंना सांगायच्या. काकू पुण्याहून नुकत्याच आलेल्या. भिंतीचं काम संपत आलं तेव्हा त्यांनी गवंडी विश्वेश्वरला माझ्याबद्दल हिंदीत विचारलं. तो कन्नडमध्ये म्हणाला, "नीर बिडी, अम्मा. बिडी."

काकूंनी त्याला तंबाखूवर भाषणच दिलं. तो बिचारा मान डोलवत राहिला. मी चक्रावलो. म्हणजे मी बिड्यांचा डबा?

गवंडी गेल्यावर काकूंनी माझ्या आणि माझ्या भावंडांच्या तोंडात चिंध्या कोंबल्या, वर सिमेंट लिंपलं. अक्का खूश. सगळेच खूश, मग माझाच जीव का गुदमरत होता?

पुढच्या मोठ्या पावसात ते कळलं. मागून पाणी येतच राहिलं आणि वाट काही मिळेना. भिंतीला पोट आलं. एक दगड सरकला. काकू छत्री न उघडताच धावत आल्या.

"अक्का, उठा. आधी पलीकडे चला. फुलं राहू द्या."

पलीकडे पोचल्यावर अक्का धापा टाकत म्हणाल्या, "नवी भिंत अशी कशी फुगली हो?"

"मला काय ठाऊक? मी फक्त त्याची बिड्या ठेवायची भोकं बुजवली. तोच म्हणाला होता, नीर बिडी."

अक्का बघतच राहिल्या. "काकू, कन्नडमध्ये बिडी म्हणजे सोडा. पाणी सोडा, म्हणत होता तो."

"अगं बाई. आणि मी त्याला फुप्फुसं समजावत बसले."

काकूंनी लगेच फोन केला. दुरुस्तीची माणसं आली, रस्ता अडवला आणि लांब पहारीने आमची तोंडं मोकळी केली. मी असा काही गढूळ पाणी ओकलो की मातीने रस्ता लाल झाला. भिंत टिकली. फुगलेला भाग तेवढा नव्याने बांधला. अक्कांनी दुकान चार हात लांब मांडलं.

आता पाऊस पडला की काकू गॅलरीतून विचारतात, "अक्का, रडका रडला का?"

"रडला, काकू. स्वल्प जास्तच."

"सरी," म्हणजे ठीक, असं म्हणत काकू आत जातात. एवढं कन्नड त्यांना आता येतं.

मित्रांनो, भिंतीतला एखादा पाइप गळताना दिसला तर त्याच्या तोंडात चिंधी, कागद, बाटलीचं झाकण कोंबू नका. आम्ही रडतो म्हणून भिंत उभी राहते. आणि कुणी बिडी म्हणालं, तर भाषण देण्याआधी एकदा विचारा, कुठल्या भाषेतली?