क्रेनखाली तीन पॅडी

आमच्या बर्मिंगहॅमच्या साइटवर तीन आयरिश होते आणि तिघांचंही नाव पॅडी होतं. म्हणजे गॉर्डनच्या मते होतं; इंग्लंडमध्ये कुठल्याही आयरिश माणसाला हिणवून पॅडी म्हणतात. गॉर्डन आमचा साइट मॅनेजर. मोठा पॅडी, धाकटा पॅडी, म्हातारा पॅडी अशी त्याने वाटणी केली होती, आणि वॉकीटॉकीवर घाई असली की मोठा-धाकटा गळून नुसता पॅडी उरायचा. आधीच्या साइटवर एकाला त्याने मिक हे तसलंच दुसरं नाव दिलं होतं, तेवढीच काय ती व्हरायटी.

मी कल्याणी मेश्राम, नागपूरची, साइटची सेफ्टी इंजिनिअर. म्हाताऱ्या पॅडीचं नाव फिंटन क्विन आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण मी विचारलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला जीभ रेटेना, म्हणून मी त्यांना मिस्टर क्विन म्हणायचे. सगळे हसायचे. हसू देत. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू असला, तरी मनातून माझं त्यांच्याशी अहो-जाहोच चालायचं.

त्या दिवशी एक पोलादी बीम क्रेनने खाली उतरवायचा होता. फिंटन आणि धाकटा, म्हणजे डेक्लन, खाली लाकडी ठोकळे मांडत होते. गॉर्डन वॉकीटॉकीवर म्हणाला, "पॅडी, बाहेर ये." त्याला म्हणायचं होतं फिंटनना. फिंटनना वाटलं, डेक्लनला बोलावलं. डेक्लन बाहेर आला, ओके म्हणाला, आणि गॉर्डनने बीम खाली सोडायला सांगितलं. फिंटन अजून वाकलेलेच होते.

मी इतक्या जोरात स्टॉप म्हणाले की माझा घसा बसला. बीम त्यांच्या हेल्मेटच्या जरा वर थांबला.

बीम बाजूला ठेवून झाल्यावर मी क्रेन बंद करायला लावली. गॉर्डनला सांगितलं, "आजपासून ज्याला त्याला त्याच्या नावाने हाक मारायची. तोवर क्रेन हलणार नाही."

"प्रेमाने म्हणतो आम्ही," गॉर्डन म्हणाला. "त्याला काही वाटत नाही. विचार त्यालाच."

फिंटन हातमोजे काढत म्हणाले, "जाऊ दे, पोरी. चौऱ्याहत्तरमध्ये इथल्या पबमध्ये बॉम्ब फुटले आणि आळ आयरिशांवर आला, तेव्हा मी नुकताच या शहरात आलो होतो. आम्ही तोंड उघडलं की लोक वळून बघायचे. काहीजण खुनी म्हणायचे. त्यापेक्षा कोणी पॅडी म्हटलं तर बरंच वाटायचं. आता सवय झाली."

हे 'सवय झाली' मी चांगलं ओळखते. माझ्या आजोबांना सगळं गाव कचऱ्या म्हणायचं. तेही म्हणायचे, चालतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी आधी काय केलं असेल तर नाव बदललं, आणि जुन्या नावाला ओ देणं बंद केलं. कल्याणी हे नाव त्यांनी माझ्या जन्माआधीच ठरवून ठेवलं होतं. तेव्हा कोणाला काय चालतं, हे मला गॉर्डनने शिकवायची गरज नव्हती.

"तुम्हाला चालत असेल, मिस्टर क्विन," मी म्हटलं. "मला चालत नाही. आज तुम्ही मेला असतात."

गॉर्डन मला बाजूला घेऊन म्हणाला, "पुढच्या महिन्यात तुझ्या वर्क परमिटसाठी माझी सही लागणार आहे. लक्षात आहे ना?"

 

"लक्षात आहे," मी म्हटलं. "क्रेन बंदच राहील."

त्याने बंद क्रेनकडे पाहिलं. मग वैतागून म्हणाला, "बरं बाई. काय नाव आहे त्याचं?"

"मला कशाला विचारतोस? ते समोर उभे आहेत."

कित्येक वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाला जाऊन नाव विचारताना गॉर्डनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. फिंटननी नाव सांगितलं, तेही हळू, कोणी ऐकू नये असं. मी क्रेन सुरू करायला सांगितली.

बीम पुन्हा वर गेला. ठोकळे नीट होत आले तसा डेक्लन बाहेर आला. फिंटन आतच शेवटचा ठोकळा सरकवत होते.

"फिंटन, बाहेर ये," गॉर्डन वॉकीटॉकीवर म्हणाला.

फिंटन जागचे हलले नाहीत. ऐकू गेलं नव्हतं असं नाही, वॉकीटॉकी त्यांच्या खांद्यालाच होता. गॉर्डनने 'बघ, सांगितलं नव्हतं?' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

मी क्रेनवाल्याला थांबायची खूण केली. "पुन्हा हाक मार," मी गॉर्डनला म्हटलं. "आपण थांबू."

"फिंटन."

त्यांचे हात थांबले. ते उभे राहिले आणि आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आहे का म्हणून. तिथे कोणीच नव्हतं. मग त्यांनी हात वर केला आणि बाहेर आले.