इंग्रजीत सांगितलेली जात

सुलेखा ओव्हाळ सकाळी सातला कामावर आली तेव्हा तिसऱ्या काचेच्या पेटीतली, म्हणजे इन्क्युबेटरमधली, मुलगी जागी होती. डेट्रॉईटच्या त्या इस्पितळात नवजात बाळांच्या शस्त्रक्रियेचा वेगळा विभाग होता. १९८४ साली सुलेखाचं तिथलं नववं वर्ष चाललं होतं. मुलगी चार दिवसांची. जन्मली तेव्हा तिची अन्ननलिका मध्येच तुटलेली होती, लाळसुद्धा पोटात पोचत नव्हती. दुसऱ्या दिवशी सर्जननं ती सांधली. आता तो सांधा जपणं नर्सच्या हातात होतं. घशातली लाळ बारीक नळीनं ओढायची, पण नळी टाक्यांना लागता कामा नये. मान मागे झुकता कामा नये. नळी किती आत घालायची याची खूण सुलेखानं चिकटपट्टीनं केली होती. विभागातल्या नव्या नर्सना हे काम तिनंच शिकवलं होतं.

दहाच्या सुमारास मुलीचे वडील प्रताप आपल्या आईला घेऊन आले. प्रताप डेट्रॉईटजवळच्या ट्रॉयमध्ये राहणारा, मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. पद्मिनीबाई सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या. सून उत्तरा सिझेरियनमुळे अजून दुसऱ्या इस्पितळातच होती.

सुलेखा मराठीत बोलली तसा पद्मिनीबाईंचा चेहरा खुलला. "किती बरं वाटलं हो. आडनाव काय तुमचं?"

"ओव्हाळ. आम्ही सोलापूरकडचे."

खुललेला चेहरा जागच्या जागी मिटला. पद्मिनीबाई पेटीपासून दोन पावलं मागे सरल्या आणि बाहेर गेल्यावर मुलाला म्हणाल्या, "दुसरी नर्स मागून घे."

"आई, इथे असं चालत नाही. इथे गोऱ्या बायकाही बाळाला हात लावतातच."

"गोरीचं मला काही नाही. तिला काय कळतंय? हिला कळतं आपण कोण ते."

प्रतापनं आईशी वाद घातला नाही. त्यानं टाय नीट केला आणि मुख्य नर्स मार्गारेटच्या खोलीत गेला. तिथे त्यानं उत्तम इंग्रजीत सांगितलं की आपल्याच मराठी समाजातली नर्स असली की कुटुंबाला संकोच होतो, प्रायव्हसी राहत नाही, हा नाजूक कल्चरल प्रश्न आहे. मार्गारेटला बिचारीला हे फार सुसंस्कृत वाटलं. तिनं तिसरी पेटी कॅरन नावाच्या नर्सकडे दिली.

सुलेखाला कारण सांगावं लागलं नाही. तिनं खूण केलेल्या नळ्या कॅरनच्या हवाली केल्या आणि पाचव्या पेटीकडे गेली. तिथलं बाळही आजारीच होतं.

दोन दिवसांनी प्रताप आणि पद्मिनीबाईंबरोबर उत्तरा व्हीलचेअरवर आली. कॅरन नेकीनं काम करत होती, पण तासातासाला पाचव्या पेटीकडे जाऊन सुलेखाला विचारून येत होती. उत्तरानं ते पाहिलं.

"ही सारखी त्यांना का विचारतेय?"

"त्या सीनियर आहेत," प्रताप म्हणाला.

"मग आपल्या बाळाला त्या का नाहीत?"

प्रतापनं आजूबाजूला बघितलं. "आईला ते बरं वाटत नव्हतं. आडनाव... यू नो. तू आत्ता टेन्शन घेऊ नकोस. मी मॅनेज केलंय."

उत्तरा साताऱ्याहून दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. दुकानातसुद्धा इंग्रजी बोलायची वेळ आली की ती नवऱ्याकडे बघायची. आता तिनं खुर्चीची चाकं स्वतः फिरवली आणि मार्गारेटच्या दारात जाऊन थांबली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, "माझे मिस्टर खोटं बोलले. त्या सिस्टरची जात त्यांना खालची वाटते. मला त्याच हव्यात."

पद्मिनीबाई मागून म्हणाल्या, "घरची अब्रू घालवलीस."

"अब्रू दोन दिवसांपूर्वीच गेली, आई."

त्या दुपारी सुलेखा तिसऱ्या पेटीशी परत आली. मार्गारेटनं माफी मागितली. सुलेखानं मान हलवली, हात धुतले आणि उत्तराला जवळ बोलावलं. पोटातल्या नळीतून दूध कसं सोडायचं, बाळ खोकलं तर काय करायचं, सगळं शिकवलं. उत्तरानं पहिल्यांदा दूध भराभर सोडलं. "सावकाश," सुलेखा म्हणाली, "तिला घाई नाही."

महिन्यानं मुलगी घरी जायला निघाली. प्रताप चॉकलेटचा मोठा डबा घेऊन सुलेखासमोर उभा राहिला. "बारशाला नक्की या हं सुलेखाताई. आम्ही असलं काही मानत नाही. आई जुन्या वळणाची, तिचं काय मनावर घ्यायचं."

"तुमच्या आई मराठीत बोलल्या," सुलेखा म्हणाली. "मार्गारेटला त्यांचं अक्षरही कळलं नसतं. ते इंग्रजीत तुम्ही सांगितलंत."

डबा तिनं घेतला नाही. उत्तराला मात्र तिनं घरचा फोन नंबर लिहून दिला.

त्या वर्षी डेट्रॉईटच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात प्रतापनं 'नव्या देशातला नवा मराठी माणूस' या विषयावर भाषण केलं. जातपात आपण समुद्रापलीकडे ठेवून आलो, असं तो म्हणाला. उत्तरा पहिल्या रांगेत मुलीला मांडीवर घेऊन, हात न हलवता बसली होती. बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुलेखा ओव्हाळला त्या मंडळानं नऊ वर्षांत एकदाही बोलावलेलं नव्हतं, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी प्रत्येकाला माहीत होतं.