धक्क्यावरचा माणूस

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद कुणी वाचत नाही. छापखान्यातल्या एका माणसाला मात्र तो रोज वाचावा लागे. जुन्या कागदाची प्रत डावीकडे, नव्याची उजवीकडे, मध्ये पट्टी, आणि ओळीमागून ओळ कुठे काय बदललंय ते शोधायचं. एका टिंबाने डोस दहापट होतो, असं तो नव्या लोकांना बजावून सांगे. बारा वर्षांत त्याचा स्वभावही तसाच झाला होता. घड्याळात वाजलेत किती हे सांगितलं तरी हा दुसऱ्या घड्याळात बघणार. कचेरीत सगळे त्याला शंकासूर म्हणत, आणि त्यालाही ते नाव आवडे.

तो सहा वर्षांचा असताना घरात एक जपानी रोल-प्लेइंग गेम आला होता. यंदा त्याच गेमची नवी आवृत्ती निघाली. शंकासुराने ती पहिल्याच दिवशी आणली. समुद्रकाठच्या गावातला एक मुलगा विझलेली सात दीपगृहं पेटवायला निघतो, अशी ती गोष्ट. पूर्वीची ठोकळ्यांची माणसं आता हाडामांसाची दिसत होती. लाटांना फेस होता, सरायीच्या खिडकीत उजेड हलत होता. आणि मुख्य म्हणजे, पात्रं काय बोलतात ते खाली वाचता येईल अशा भाषेत लिहून येत होतं.

शनिवारी सकाळी खेळता खेळता तो पहिल्या बंदरावर पोहोचला. धक्क्यावर तो माणूस उभा होता. निळी टोपी, हातात दोर. शंकासूर सरसावून बसला. हा त्या मुलाचा बाप. समुद्राशी केलेल्या करारामुळे तो धक्का सोडू शकत नाही आणि तोंडाने मुलाला ओळखही देऊ शकत नाही. पण मुलाची नाव निघाली की तो हात वर करून म्हणतो, "जा, मी इथूनच बघतोय." हे वाक्य शंकासुराला तीस वर्षं तोंडपाठ होतं.

नाव निघाली. माणसाने हात वर केला. खाली अक्षरं आली : "बसून राहा. पाण्यात कचरा टाकू नका."

त्याने मागे जाऊन पुन्हा नाव पकडली. पुन्हा तेच.

"बदललंय यांनी," तो स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाला. ती शाळेत गणित शिकवायची. समोर वह्यांचा गठ्ठा होता.

"काय बदललं?"

"बाप काढून टाकलाय. त्याच्या जागी कुणीतरी नावाडी बसवलाय. कंपनीचं काहीतरी काळंबेरं आहे."

"अरे, गेम आहे तो. त्यात कसलं काळंबेरं?"

पण त्याच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. दोन दिवसांत त्याने वहीत चौदा फरक लिहून काढले. सरायीतली म्हातारी मुळात राणी होती, नव्यात ती नुसती खोलीभाडं मागत होती. विहिरीवरचा बोका शाप लागलेला राजपुत्र होता, नव्यात तो बोकाच होता. त्या गेमच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता. तिथे त्याने यादी टाकली आणि खाली विचारलं, हे सगळं कुणाच्या सांगण्यावरून गाळलं?

लोक हसले. एकाने लिहिलं, "भाऊ, बोका पहिल्यापासून बोकाच आहे." त्यातल्या एक बाई पेटंटच्या कागदपत्रांचं जपानीतून भाषांतर करायच्या. त्यांनी मात्र सरळ विचारलं, "तुमच्याकडे जुनी डिस्क आहे का? पडद्याचे फोटो पाठवा."

डिस्क होती. कपाटावरच्या पेटीत, जुन्या स्वेटरांखाली यंत्रासकट ठेवलेली. त्याने जुना टीव्ही मागून आणला, वायर जोडली, डिस्क सदऱ्याला पुसली. चौथ्या खेपेला ती चालली. बंदर आलं, निळी टोपी आली, हात वर झाला. त्याने फोटो पाठवला, आणखी तेरा पाठवले, आणि फोन हातात धरून बसला.

तासाभरात उत्तर आलं. "नव्या आवृत्तीत शब्दन् शब्द तोच आहे. कचऱ्याचंच वाक्य आहे. मूळ गेममध्ये त्या मुलाच्या वडिलांचा कुठेही उल्लेख नाही."

त्याने ते दोनदा वाचलं. कंपनीवरचा संशय सुटला आणि तिथून उठून थेट दुसरीकडे जाऊन बसला.

गेम आला तेव्हा घरात जपानी कुणालाच येत नव्हतं. वडील जहाजावर विजेची कामं करायचे. एका सफरीवरून येताना ते यंत्र आणि डिस्क घेऊन आले, पुढच्या सफरीवर गेले आणि परत आलेच नाहीत; का, ते घरात कुणी कधी बोललं नाही. दादा तेव्हा तेरा वर्षांचा. तो म्हणाला, "मला येतं जपानी. बाबांनी पुस्तक दिलंय." पुस्तक खरंच होतं, जाड, आत आकृत्या होत्या. दादा ते मांडीवर ठेवून बसे आणि पडद्यावरचं एकेक वाक्य वाचून दाखवी. म्हातारीचा आवाज वेगळा, बोक्याचा वेगळा. मग कधीतरी दादा वाचून दाखवी ते दुसरं काहीतरी. बाबांची पत्रं. तीन आली होती. बाबांचं जोडाक्षर तुला लागणार नाही, असं दादा म्हणे.

ती पत्रं आपण कधी हातात घेतली होती का?

आई जाऊन पाच वर्षं झाली होती. तिचा कागदांचा डबा त्याच्याचकडे होता. त्याने तो रिकामा केला. दाखले होते, दवाखान्याच्या चिठ्ठ्या होत्या, एका शिलाई यंत्राची हमी होती. पत्र एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो दादाच्या दुकानात गेला. दादा सोफे नि खुर्च्या नव्याने मढवून द्यायचा. दुकानात फोमचे तुकडे, काथ्या, आणि गोंदाचा वास. दादा एक खुर्ची उलटी घालून तिच्या बुडातल्या गंजक्या चुका, म्हणजे बारके खिळे, पकडीने उपटत होता.

"ये, ये. बघ, दोघं भाऊ चुकाच काढतो आपण," दादा म्हणाला. हा विनोद तो दरवेळी करायचा.

"दादा, तुला जपानी येतं?"

पकड थांबली. "कशाला?"

"येतं की नाही, एवढंच सांग."

"तू कसला तो नवा गेम घेतलास म्हणालास, त्यात काही अडलंय का?"

"नाही अडलं. सगळं नीट वाचता येतंय. म्हणून तर विचारतोय."

दादाने एक चूक उपटून डब्यात टाकली. मग दुसरी. "पुस्तक वायरिंगचं होतं," तो म्हणाला. "बाबांच्या कामाचं. जपानीच होतं पण. तेवढं खोटं नाही."

"धक्क्यावरचा माणूस नावाडी आहे."

"असेल."

"बोका बोका आहे."

"मग काय सांगणार होतो तुला? तू सारखा विचारायचास, हा काय म्हणाला, तो काय म्हणाला. गप्प बसलो की रडायचास."

"आणि पत्रं?"

दादा उठला आणि दुकानाचं दार लोटून आला. गिऱ्हाईक येऊ नये म्हणून की उत्तर लांबवावं म्हणून, ते शंकासुराला ठरवता येईना. दादाच्या प्रत्येक हालचालीत त्याला आता डाव दिसत होता.

"विजेचं बिल होतं ते," दादा म्हणाला. "तिन्ही वेळा. घडी मारून धरायचो, म्हणजे तुला मागची कोरी बाजू दिसायची."

"म्हणजे बाबांनी एकदाही..."

"एकदाही नाही. बाबा सफरीवर जाऊन दोन महिने झाले आणि जहाजाच्या कचेरीतला माणूस घरी आला. एका बंदरावर ते आपण होऊन उतरले, बॅग घेऊन. अपघात नाही, आजार नाही. सामानाचा हिशेब करून सही केली आणि चालत गेले."

"हे तरी खरं कशावरून?"

दादाला ते लागलं. तोंड वळवून त्याने गल्ल्याखालचा खण उघडला, पावत्यांखालून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पुढे केली. आत एक टाइप केलेला कागद होता. शंकासुराने तो खिडकीपाशी नेला. शिक्का पाहिला, तारीख पाहिली, उजेडासमोर धरून कागदाचा पोत पाहिला. वडिलांची सही त्याने स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर पाहिली होती, 'ळ'ची शेपटी तीच होती. 'स्वेच्छेने उतरले' असं लिहिलं होतं. कागदात कुठेही खोट नव्हती. असती तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं.

"आईला माहीत होतं?"

"तिनेच तर दार उघडलं होतं."

"आणि पत्रं वाचायचास तेव्हा ती कुठे असायची?"

"तिथेच. भाजी चिरत." दादा खुर्चीच्या कडेवर टेकला. "पहिल्या वेळी मला वाटलं, आता कानफटात बसणार. ती काहीच बोलली नाही. पुढच्या महिन्यात मला म्हणाली, अरे, पत्र आलं नाही का या महिन्यात? आणि स्वतःच्या हाताने बिल आणून दिलं."

शंकासूर निघून आला. पुढचे बारा दिवस त्याने दादाचा फोन उचलला नाही. या बारा दिवसांत त्याने सगळ्या बालपणाची प्रुफं तपासली. कपाळावरची खूण झोपाळ्यावरून पडल्याची, हे दादानेच सांगितलेलं. घरचं कुत्रं मेलं नाही, शेतावर राहायला गेलं, हेही. "जन्मतारीख तरी माझीच आहे ना बघ," तो बायकोला म्हणाला.

"तू त्याच्यावर चिडलायस की बाबांवर?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"मग जो फोन करतोय त्याच्यावर चिडणं सोपं पडतंय तुला, एवढंच."

संध्याकाळी तो गेम पुढे खेळत राहिला. तिसऱ्या दीपगृहापर्यंतच त्यांची जुनी मजल गेली होती, पुढे दादा कामाला लागला आणि यंत्र पेटीत गेलं. पुढचं सगळं त्याला नवं होतं. पाचव्या दीपगृहात, मुलाबरोबर सुरुवातीपासून चालणारी ढालवाली बाई मेली. दार अडवून उभी राहिली आणि मेली. त्याने मागे जाऊन वेगवेगळी औषधं वापरून पाहिली, दुसरं चिलखत घातलं. ती मेलीच.

तेराव्या दिवशी फोन वाजला तेव्हा त्याने उचलला.

"जेवलास का?" दादा म्हणाला.

"हो."

मग दादाने विचारलं, "त्या गेमचं पुढे काय झालं रे? मला कुठे माहितीये."

शंकासुराने सांगितलं. एक अक्षरही न बदलता, जसं होतं तसं. ढालवालीचंही सांगितलं.

"मरते म्हणजे? शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"काहीतरी वाट असणार. या गेमांत असते. तू नीट तपासलंस का?"

"तीनदा तपासलं."

"तुझं तपासणं मला माहितीये, तू फक्त लिहिलेलं बघतोस." दादाच्या आवाजात जुना ताठा आला. "रविवारी येतो मी. माझ्यासमोर खेळ."

"ये. पण वाचणार मी."

"वाच की," दादा म्हणाला, "मी बघतो खरं वाचतोस का ते."