यादीत नसलेला आजार

“कार्डच सापडत नाही मन्ते हा कॉम्प्युटर!” परसराम फोनमध्ये ओरडला. मुलगी तृप्ती नागपुरात होती, तेव्हा आवाज तिथवर पोचवायची जबाबदारी त्याने स्वतःच्या गळ्यावर घेतली होती.

“हळू बोला ना, बाबा. कार्डाचा ड्रायव्हर टाकला ना?”

“टाकला. दोनदा बंद-चालू बी केलं.”

“मग काही खोललं होतं काय तुम्ही?”

परसरामने पेचकस उचलला. तुमसरच्या राइस मिलमध्ये तीस वर्षं मेकॅनिकी केलेला माणूस. खोलून, पुसून, फुंकून घेतल्याशिवाय त्याला कुठलंही यंत्र सुरू करवत नसे. सकाळीच त्याने ग्राफिक्स कार्ड काढून ब्रशने साफ केलं होतं. आता झाकण उघडून पाहतो तर कार्डाला वीज देणारी वायर तशीच लोंबकळत होती. मिलमध्ये हेल्परने ही चूक केली असती, तर परसरामने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

कॉम्प्युटर त्याच्या मुलाचा, अनुपचा होता. लहानपणापासून सिकलचा, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा पेशंट. सांधे दुखायचे थांबले की पोरगा यावर गेम खेळायचा. गेल्या वर्षी, बाविसाव्या वर्षी तो गेला. उद्या त्याच्या पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं. त्याची आई पार्वताबाई कॉम्प्युटर कोणाला तरी देऊन टाका म्हणत होती, तिला तो डोळ्यांसमोर नको होता. पण घरचे रिकामे कॉम्प्युटर औषधं शोधणाऱ्या शास्त्रज्ञांची आकडेमोड फुकट करून देतात, हे तृप्तीकडून ऐकलं आणि परसराम हटूनच बसला. अनुपच्या नावाने हेच दान. तीन महिने विहारात भेटेल त्याला तो सांगत सुटला होता, “अनुपचं मशीन आता सिकलवर काम करनार हाये.”

वायर लावल्यावर कार्ड सापडलं. आकडेमोडीच्या प्रोग्रामने नाव विचारलं. परसरामने एका बोटाने ‘अनुप परसराम मेश्राम’ टाइप केलं. मग आजारांची यादी आली.

“तृप्ती, कॅन्सर हाये, म्हातारपनी इसरायचा रोग हाये, हात थरथरायचा हाये. सिकल कुठं हाये?”

“त्यात नाही ते, बाबा.”

“तुले मालूम होतं?”

“तुम्ही एवढ्या आशेनं बोलून राहिले होते बाबा. मले नाही सांगवलं.”

परसरामने यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. जगभरच्या एवढ्या रोगांचा विचार झाला, आणि ज्याने त्याचं पोरगं नेलं तो कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. उद्या लोकांना काय सांगायचं, हे तर पुढचंच. पोराला काय सांगायचं? त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पार्वताबाई पिठाच्या हातांनी दारात उभी होती. वर्षभरात तिने या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता.

“काय झालं?”

त्याने सांगितलं. तिने पडद्यावरचं अनुपचं नाव पाहिलं.

“अनुपले किती बाटल्या रक्त चढलं असंन वो?”

“कोनं मोजलं?”

“देनाऱ्यायनं कधी इचारलं काय, कोनाचं पोरगं हाये, काय रोग हाये?”

परसरामने नाही म्हणून मान हलवली.

“मंग? कोनाचा बी रोग असो. चालू करा.”

त्याने यादीतल्या पहिल्याच नावावर टिचकी मारली. क्षणभराने कार्डाचा पंखा घरघरत फिरू लागला. “बाबा, झालं काय?” तृप्ती फोनवर विचारत होती.

पार्वताबाई आत आली. गेल्या वर्षी पोराला न्यायला लोक आले, तेव्हाही ती त्याचे थंड पडलेले तळपाय चोळतच बसली होती. तिने पदराला हात पुसला आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर तळवा टेकवला.

“गरम होऊन राहिलं,” ती म्हणाली.

“होतेच. काम करते तं गरम होतेच.”

चुलीवर टाकलेली पोळी करपल्याचा वास आला. पार्वताबाईने हात काढला नाही.